प्रवास कोणाचा, पाहणे कोणाचे? : ‘माझा प्रवास’ आणि ‘द फरगॉटन आर्मी’

मराठीतील प्रवासवर्णनाची चर्चा बहुधा लेखकाच्या ‘मी’भोवती फिरते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) हा ‘मी’ इतका लोभस करून ठेवला की, प्रवास करणारा, तो अनुभवणारा आणि तो सांगणारा एकच असतो, हे गृहीतकच आपण या वाङ्मयप्रकाराचे लक्षण मानू लागलो. प्रवासपट, म्हणजे प्रवासावर उभा राहिलेला माहितीपट, या गृहीतकाला अडचणीत आणतो. तेथे प्रवास एकाचा असू शकतो, कॅमेऱ्यामागचा डोळा दुसऱ्याचा असतो आणि काय ठेवायचे व काय गाळायचे हे संकलनाच्या टेबलावर तिसराच ठरवू शकतो. त्यामुळे असे चित्रपट साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवण्याकडे आपला कल असतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, ही विभागणी मराठी परंपरेला परकी नाही. आणि प्रवासपट शिकणे व त्यावर व्यवसाय उभा करणे म्हणजे मुख्यतः ही विभागणी निभावण्यास शिकणे होय.

विवेचनासाठी दिल्लीतील एक उदाहरण घेऊ. जामिया मिल्लिया इस्लामिया या विद्यापीठात १९८२ साली तत्कालीन कुलगुरू अन्वर जमाल किडवई यांनी जनसंवादाचे केंद्र स्थापन केले. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाचे त्यास सहकार्य होते, आणि कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या परंपरेत वाढलेले जेम्स बेव्हरिज यांचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता. आज हे केंद्र किडवई यांच्याच नावाने ओळखले जाते. कबीर खान हे तेथील विद्यार्थी. गौतम घोष यांच्या ‘बियाँड द हिमालयाज’ (१९९६) या मध्य आशिया व तिबेटच्या प्रवासावरील माहितीपटाचे छायाचित्रण त्यांनी केले. पुढे ‘द फरगॉटन आर्मी’ (१९९९) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला माहितीपट आला. पहिल्या कामात दृष्टी दिग्दर्शकाची होती आणि कबीर खान यांनी तिला आपला डोळा उसना दिला. दुसऱ्यात दिग्दर्शन त्यांच्याकडे आले. परंतु प्रवास त्यांचा झाला का, हा खरा प्रश्न आहे.

‘द फरगॉटन आर्मी’मध्ये आझाद हिंद सेनेचे दोन वृद्ध अधिकारी, कॅप्टन लक्ष्मी सहगल आणि कर्नल गुरबक्षसिंग धिल्लन, सिंगापूरपासून इंफाळपर्यंतचा आपल्या सेनेचा मार्ग पुन्हा आक्रमितात. धिल्लन हे १९४५ च्या अखेरीस दिल्लीच्या लाल किल्ल्यात सुरू झालेल्या खटल्यातील तीन आरोपींपैकी एक. दिग्दर्शक त्यांच्या सोबत जातो, पण ‘मी येथे आलो’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. जे घडले ते पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी घडून गेले आहे. कॅमेऱ्याला उपलब्ध आहे तो केवळ आजचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर उभे राहून आठवणारा चेहरा. येथे छायाचित्रणाचा विषय स्थळ नसून स्थळाच्या सान्निध्यात होणारे स्मरण हा आहे. प्रवासपटकाराने शिकावयाची पहिली गोष्ट कदाचित हीच असावी: आपला प्रवास मागे घेणे.

लक्ष्मी सहगल यांनी १९४३ मध्ये जिचे नेतृत्व स्वीकारले, त्या पथकाचे नाव ‘झाशीची राणी’ होते. हे नाव आपल्याला एका मराठी संहितेकडे नेते. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते पर्यटनासाठी किंवा ग्रंथलेखनासाठी नव्हे. घरी कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता होती आणि दक्षिणेची आशा होती. म्हणजे मराठीतील या श्रेष्ठ प्रवासकथनाचा आरंभच मुळी चरितार्थाच्या चिंतेत आहे. बंडाच्या धामधुमीत ते झाशीत सापडले, राणीचे शहर पडताना त्यांनी पाहिले, मिळवलेले धन लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. ही हकीकत त्यांनी लिहिली ती सुमारे पाव शतकानंतर, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. गोडसे यांच्या निधनानंतर १९०७ साली वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तो काही मजकूर गाळून व फेरफार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये सिद्ध केली.

आता ‘माझा प्रवास’ या शीर्षकातील ‘माझा’ किती जणांचा आहे, हे पाहावे. पाहणारे व सांगणारे गोडसे. सांगायला लावणारे आणि ब्रिटिश अमलात काय छापता येईल ते ठरवणारे वैद्य. गाळलेले पुन्हा वाचकांपुढे ठेवणारे पोतदार. चित्रपटाच्या परिभाषेत बोलायचे तर वैद्य हे निर्माते व संकलक दोन्ही होते. वाहिनीसाठी किंवा निर्मात्यासाठी काम करणाऱ्या आजच्या प्रवासपटकाराची स्थिती यापेक्षा फारशी वेगळी नाही. खर्च दुसऱ्याचा असला की अंतिम संकलनावरचा शब्दही पुष्कळदा त्याचाच असतो.

साम्य दाखवताना भेद विसरता कामा नये. गोडसे यांनी झाशीत काहीही टिपून ठेवले नसते तरी स्मृतीच्या बळावर ते पुढे लिहू शकले असते. प्रवासपटकाराला ही सवलत नाही; जे त्या क्षणी टिपले गेले नाही ते त्याच्या कृतीत येत नाही. उलट, गोडसे यांचा आवाज, थांबणे, डोळ्यांत येणारे पाणी आपल्यापर्यंत पोचू शकत नाही. धिल्लन २००६ मध्ये आणि सहगल २०१२ मध्ये निवर्तल्या. त्या मार्गावर उभे असलेले ते दोघे मात्र चित्रफितीवर राहिले आहेत. लिखित संहिता स्मरणाचे फलित देते, चित्रपट स्मरणाची क्रिया देतो.

व्यवसायाची बाजूही येथेच तपासावी. अफगाणिस्तानातील भ्रमंतीचा अनुभव कबीर खान यांनी ‘काबुल एक्सप्रेस’ (२००६) या कथापटात वापरला, आणि आझाद हिंद सेनेचा विषय २०२० मध्ये त्याच नावाच्या वेबमालिकेत पुन्हा घेतला. पत्रकारितेसारखेच हे भांडवल आहे: केलेला प्रवास वर्षांनुवर्षे उपयोगी पडतो. मात्र या रूपांतराची किंमत असते. मालिकेत नट येतात, युद्ध नव्याने उभे केले जाते, आणि माहितीपटातील जी मर्यादा होती, म्हणजे भूतकाळ दिसत नाही ही, ती दूर होते. माझ्या मते त्या मर्यादेतच माहितीपटाचे नैतिक बळ होते. जे दिसत नव्हते ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे प्रेक्षकाला भाग होते. मालिकेत तो विश्वास अनावश्यक ठरतो. अधिक प्रेक्षक मिळाले, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण तो कशाच्या बदल्यात, हे समीक्षेने सांगितले पाहिजे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने म्हणून प्रवासपटाकडे तीन प्रश्न घेऊन जावे: प्रवास कोणाचा, खर्च कोणाचा आणि गाळण्याचा अधिकार कोणाचा? हेच प्रश्न ‘माझा प्रवास’ला विचारले असता तो ग्रंथ अधिक समृद्ध होतो. दिल्लीत मराठी शिकून पुढे माध्यमांत चरितार्थ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला कॅमेरा चालवणे अन्यत्र शिकता येईल. दुसऱ्याचा प्रवास आपला म्हणून न सांगण्याची शिस्त मात्र त्याला वरसईच्या भिक्षुकाच्या हकीकतीतूनही शिकवता येईल, आणि ते काम आपले आहे.