संगणकावरील दोन कोश

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती व दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) हे दोन्ही ग्रंथ शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात आता संगणकावर पाहावयास मिळतात. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांना हा मोठाच लाभ होय. मोल्सवर्थची थोरवी निर्विवाद आहे. तथापि त्याचा कोश इंग्रजी जाणणारांसाठी रचलेला. त्यावरच विसंबणारा आमचा विद्यार्थी मायबोलीचा शब्द परभाषेच्या दारातून घरात आणतो. दाते-कर्वे अर्थ मराठीतूनच सांगतात आणि ठिकठिकाणी ग्रंथांतील प्रयोगही देतात. प्रयोगावाचून शब्द अंगवळणी पडत नाही. यास्तव शिक्षकांनी प्रथम दाते-कर्वे उघडावेत व अर्थ सापडताच विद्यार्थ्याकडून त्या शब्दाचे स्वतःचे वाक्य मागावे, असे आम्हांस वाटते. यंत्र अर्थ देईल. वाक्य मात्र मुलानेच रचावयाचे आहे.