‘लॉस्ट सर्क्युलेशन’ : एका संज्ञेची परीक्षा

तेलविहिरींच्या वेधनशास्त्रातील ‘लॉस्ट सर्क्युलेशन’ ही संज्ञा ‘लुप्त अभिसरण’ अशी शब्दशः मराठीत उतरविणे सोपे आहे. परंतु मूळ संज्ञाच सदोष असेल, तर भाषांतराबरोबर तिचा दोषही मराठी परिभाषेत येतो. म्हणून प्रथम मूळ संज्ञेचीच परीक्षा व्हावयास हवी.

वस्तुस्थिती अशी. वेधन चालू असता ‘मड’ नावाचा दाट द्रव नळीतून तळाशी सोडतात. तो बिटाच्या छिद्रांतून बाहेर पडून, नळी व विहिरीची भिंत यांमधील पोकळीतून, खडकाचा चुरा घेऊन वर येतो. खडकातील तेल व वायू यांना आवरून धरतो तो याच द्रवस्तंभाचा भार. खडकात भेगा, गुहा वा सैल रेती असली, किंवा द्रवाचा भार खडकाला पेलवेनासा झाला, की द्रव वर न येता खडकात शिरतो. स्तंभ उतरला तर वायू विहिरीत घुसण्याची भीती. चुरा खाली बसला तर नळी अडकण्याची.

या एकाच घटनेकडे भाषांनी निरनिराळ्या बाजूंनी पाहिले आहे. इंग्रजीत व फ्रेंचमध्ये हरवते ते अभिसरण. जर्मन ‘श्प्यूलुंग्सफेर्लुस्ट’मध्ये हानी होते ती द्रवाची. रशियन ‘पग्लाशेनिये’ म्हणजे ग्रासणे, शोषून घेणे. तेथे क्रियेचा कर्ता खडक आहे. इंग्रजी संज्ञा मात्र विहिरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला काय दिसेनासे झाले, तेवढेच सांगते. पाणिनीने लोपाची व्याख्या ‘न दिसणे’ याच अर्थी केली आहे. त्या दृष्टीने ‘लुप्त’ हा शब्द अनवधानाने का होईना, नेमका पडतो! पण रोगाला लक्षणाचे नाव दिले, की लक्षण नाहीसे होताच रोग बरा झाल्यासारखा वाटू लागतो.

मेक्सिकोच्या आखातातील मकोंडो विहिरीचे उदाहरण या संदर्भात तपासण्याजोगे आहे. ९ एप्रिल २०१० रोजी १८,१९३ फूट खोलीवर द्रवाचा दाब खडकाच्या ताकदीपेक्षा अधिक झाला आणि द्रव परत येईना. भेगा बुजविणारी १७२ पिंपे दाट द्रव सोडून ती हानी थांबविण्यात आली. पुढे १८,३६० फुटांवर वेधन आटोपते घ्यावे लागले. खडक पुन्हा फुटू नये म्हणून सिमेंटही बेताचे आणि मंद वेगाने सोडले गेले. या वेळी जेवढा द्रव आत गेला तेवढा वर आला. वेधनाच्या बोलीत यास ‘फुल रिटर्न्स’ म्हणतात, म्हणजे ‘लॉस्ट सर्क्युलेशन’चा अभाव. सिमेंटची परीक्षा करण्यासाठी आणलेली तुकडी २० एप्रिलच्या सकाळी चाचणी न करताच परत गेली. त्याच रात्री विहीर उसळली आणि अकरा कामगार मृत्यू पावले. सिमेंट खडकात वाहून गेले नाही, एवढेच ‘फुल रिटर्न्स’ने कळते, ते योग्य जागी बसून विहीर बंद झाली की नाही, हे त्यातून कळत नाही, असे चौकशी आयोगाने २०११ च्या अहवालात दाखविले. एका शब्दाने विहीर फुटली असे म्हणणे अर्थातच हास्यास्पद होईल. मिश्रणाचे दोष होते, दाबचाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला. तथापि वर दिसणाऱ्या चिन्हालाच तळाची स्थिती मानण्याची जी सवय या परिभाषेत मुरली आहे, तिचा भाग त्यात नव्हता असेही म्हणता येत नाही.

मग रशियन धाटणी पत्करावी काय? तिच्यात खडकाला कर्तृत्व मिळते, आणि इंग्रजी वेधनबोलीतील ‘थीफ झोन’ तर त्याला सरळ चोरच ठरविते. पण मकोंडोत खडकाने चोरी केली नव्हती. द्रवाच्या भारानेच तो फुटला होता. हा भेद केवळ शाब्दिक नाही. भाराने पडलेल्या भेगेवर द्रव हलका करणे हा उपाय. नैसर्गिक भेगेत अभ्रकाचे कण वा अक्रोडाच्या कवचांचा भरडा चालतो. मोठ्या गुहेला सिमेंटचा बूच किंवा पोलादी अस्तर लागते.

त्यापेक्षा जर्मनच्या वळणावरचा ‘द्रवहानी’ हा शब्द स्वीकारार्ह वाटतो. काय गेले ते तो सांगतो आणि कोणी नेले याविषयी घाईने निवाडा देत नाही. कारण विशेषणाने जोडावे : गुहाजन्य, भेगाजन्य, भारजन्य. अल्प प्रमाणासाठी ‘झिरप’ पुरेसा आहे. ‘गळती’ मात्र टाळावी. मराठीत गळते ते भांडे वा छप्पर, आणि त्यामुळे दोष विहिरीच्या बांधणीचा असल्याचा भास होतो. ‘लुप्त अभिसरण’ ठेवावयाचेच असेल, तर तोंडाशी थेंबही येत नाही आणि कारण अद्याप ठरलेले नाही, अशा एकाच अवस्थेपुरते ठेवावे.