बसून ऐकलेला नाच

मंडळी, आपल्या वार्तापत्रात समीक्षा येते ती बहुधा भारतातून आलेल्या कलाकारांची. गवई आले, गायले, सभागृह भरले होते, मसालेभात अमुक वहिनींनी केला होता. (हे शेवटचे कित्येकदा पहिल्याच परिच्छेदात असते, आणि त्यात गैर काही नाही.) आज मी ज्या कार्यक्रमाबद्दल लिहिणार आहे तिथे मसालेभात नव्हता, कलाकार भारतातले नव्हते, आणि मराठी श्रोते म्हणावेत तर मी आणि सौ., एवढे दोघेच. स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात एका छोट्या गावातल्या हॉटेलचे मागचे दालन. ऑक्टोबर ते एप्रिल, दर महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी तिथे अ‍ॅकॉर्डियन क्लबची संध्याकाळ असते. आमचे शेजारी, वय वर्षे एक्याऐंशी, आम्हांला पहिल्यांदा घेऊन गेले त्याला आता तीन हिवाळे झाले.

पहिल्या मंगळवारी मी मनातल्या मनात हसत घरी आलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. आपल्या पिढीने अ‍ॅकॉर्डियन ऐकले ते हिंदी चित्रपटगीतांत. 'आराधना'मधल्या (१९६९) 'रूप तेरा मस्ताना'त केरसी लॉर्ड यांनी वाजवलेले, किंवा पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचे. म्हणजे दोन ओळींच्या मधल्या जागेत येऊन, जीव घेऊन, निघून जाणारे वाद्य. इथे ते साडेतीन तास थांबतच नव्हते! एक धून दोनदा, मग दुसरी दोनदा, मग तिसरी, की टाळ्या. पुन्हा तेच. मला सगळ्या धुना सारख्याच वाटल्या. सौ.ने सहा मात्रा मोजून दादरा असल्याचे जाहीर केले आणि शांतपणे विणकाम काढले.

इथे अ‍ॅकॉर्डियनला बोलीत 'बॉक्स' म्हणतात. म्हणजे पेटीच की! या क्लबांच्या संघटनेचे मासिक आहे, त्याचे नावही 'बॉक्स अँड फिडल'. नातेही नुसते नावापुरते नाही. व्हिएन्नात सिरिल डेमियनने १८२९ साली अ‍ॅकॉर्डियनचे पेटंट घेतले, पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबेनने १८४०च्या सुमारास हार्मोनियम केली, आणि दोन्हींच्या पोटात तीच युक्ती: हवेच्या झोताने थरथरणारी धातूची पत्ती. पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी पायपेटीची हातपेटी केली आणि ती आपल्या घरी मांडी घालून बसली. तिची चुलत बहीण इथे पट्टे लावून छातीवर चढली.

संध्याकाळचा क्रम ठरलेला. दारात थोडे पैसे द्यायचे, रॅफलची तिकिटे घ्यायची. आधी क्लबचे सभासद एकत्र दोन-तीन धुना वाजवतात. मग ज्याने यादीत नाव घातले असेल तो पुढे येतो आणि दहा-बारा मिनिटे वाजवतो. चौदा वर्षांची मुलगी, तिच्यानंतर शेतकरी, त्याच्यानंतर पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई. मध्ये चहा, सॅंडविच (आमच्यासाठी चीजचे, आता न सांगता वेगळे काढून ठेवतात), रॅफल. नंतर पाहुण्यांचा वाद्यवृंद: दोन अ‍ॅकॉर्डियन, फिडल, पियानो, बास, ड्रम. शेवटी पुन्हा सगळे मिळून.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे सारे संगीत नाचाचे आहे. रील, जिग, स्ट्रॅथस्पे, पोल्का, वॉल्ट्झ ही नाचांची नावे आहेत. आणि या दालनात कोणी नाचत नाही. खुर्च्या रांगेने मांडलेल्या, शंभरेक माणसे हाताची घडी घालून बसलेली. टेबलांखाली पावले तेवढी हलताना दिसतात. आपल्याला हा प्रकार नवा नाही. लावणी बैठकीत आली तेव्हा पाय थांबले आणि अदा हातात, डोळ्यांत गेली. नाट्यपदे नाटकातून उठून मैफिलीत आली तेव्हा प्रसंग मागे राहिला आणि ताना वाढल्या. नाचाचे संगीत खुर्चीवर बसले की त्याचे काय होते, हे पाहायला मला हे दालन म्हणजे प्रयोगशाळाच सापडली.

एक होते ते म्हणजे लय वाढते. नाचणाऱ्याला पाऊल उचलून ठेवायला जेवढा वेळ लागतो त्याच्याखाली वादकाला लय नेता येत नाही, आणि फार वरही नेता येत नाही, धाप लागते. ऐकणाऱ्याला धाप लागत नाही. गेल्या फेब्रुवारीतल्या पाहुण्या वाद्यवृंदाचा मुख्य वादक पंचविशीचा होता आणि बोटे अशी की पियानोच्या पट्ट्यांवर पाणी सांडावे. त्याची रील मी घड्याळ लावून मोजली नाही, पण त्या लयीत नाचणारा माणूस दुसऱ्या फेरीला भिंतीला टेकला असता. प्रत्येक स्वराला तीन स्वरांची झालर. टाळ्या प्रचंड. मीही वाजवल्या, आणि घरी येताना गाडीत मला त्यातली एकही धून गुणगुणता येईना.

त्याच संध्याकाळी पहिल्या भागात आमच्या शेजाऱ्यांनी एक संथ मार्च वाजवला होता. दोन ठिकाणी चुकले. तो मात्र आठवडाभर डोक्यात होता.

हे का व्हावे? चुकांचे कौतुक मला नाही. आपल्या मंडळात हौशी कार्यक्रमानंतर 'किती छान झाले' म्हणायची जी पद्धत आहे तिने आपले कान बिघडवले आहेत, असे मी पूर्वीही लिहिले होते आणि त्याबद्दल दोन पत्रे खाल्ली होती. तेव्हा शेजाऱ्यांच्या मार्चमध्ये नेमके काय होते ते मी पुढचे दोन महिने शोधत होतो. ते मला त्यांच्या बोटांत सापडले नाही, भात्यात सापडले.

त्यांची पेटी बटणांची, तीन ओळींची. सर जिमी शँड वाजवत त्या जातीची. शँड याच फाइफचे. १९०८ साली ईस्ट वीम्सला खाणकामगाराच्या घरी जन्म, चौदाव्या वर्षी स्वतः खाणीत, १९२६च्या संपानंतर खाण सुटली, पुढे डंडीच्या वाद्यांच्या दुकानात अ‍ॅकॉर्डियन विकता विकता ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९५५ साली त्यांची 'ब्लूबेल पोल्का' ब्रिटनच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत चढली. १९९९ साली सर झाले, २००० साली गेले. होनर कंपनीच्या ज्या पेटीला 'शँड मोरिनो' हे नाव मिळाले तिच्या तीन ओळी बी, सी आणि सी शार्प अशा असतात; आपल्या भाषेत पांढरी सात, पांढरी एक, काळी एक. गंमत अशी की एकच बटण भाता दाबताना एक स्वर देते आणि ओढताना दुसरा. त्यामुळे वादकाला भाता सारखा उलटवावा लागतो, आणि दर उलटीला हवा क्षणभर तुटते. हाच या पेटीचा दोष, आणि हाच तिचा प्राण. ती तुटलेली जागा जिथे पाऊल जमिनीवरून उठते तिथे नेऊन ठेवायची, ही सारी विद्या. इथले लोक तिला 'लिफ्ट' म्हणतात. मी उचल म्हणेन. शँड यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका. चेहरा दगडासारखा असे म्हणतात, अलंकार बेताचे, लय घड्याळासारखी, आणि तरी बसलेला माणूस खुर्चीत दोन बोटे वर येतो. तबल्याच्या एकल वादनाला लेहरा धरणारा चांगला पेटीवाला आठवा. तो तीच ओळ पाऊण तास वाजवतो, आणि सम दर वेळी नवी लागते. तेच हे.

त्या पंचविशीच्या वादकाची पेटी पियानोच्या पट्ट्यांची. तिच्यात दाबताना-ओढताना स्वर बदलत नाही. भाता कुठेही उलटवा, कोणाला कळत नाही. सक्ती नाही, म्हणून श्वास कुठे घ्यायचा हे वादकाने स्वतः ठरवावे लागते, आणि रीलच्या धावपळीत त्याने ते ठरवलेच नव्हते. वाद्याचा हा दोष मुळीच नाही. चहानंतर त्याने एक गेलिक वॉल्ट्झ घेतला आणि तिथे मात्र दर आठ पट्ट्यांनी (या 'पट्ट्या' म्हणजे मात्रांचे खंड, पेटीच्या नव्हेत) भाता असा काही वळवला की माझ्या शेजारी बसलेल्या पोस्टातल्या बाईंनी डोळे मिटले. म्हणजे त्याला येत होते! टाळ्यांनी त्याला रीलकडे ओढले होते. समीक्षक म्हणून मी यात टाळ्या वाजवणाऱ्यांना जबाबदार धरतो, म्हणजे मलाही.

एक बारीक तक्रार नोंदवून ठेवतो. एका स्वराला दोन-तीन पत्त्या किंचित वेगळ्या लावून स्वराला थरथर आणायची इथे जुनी चाल आहे. रीलला ती ठसका देते. संथ चालीत मात्र सगळे रडवेले होते, आणि शेजारी फिडल असेल तर नेमका स्वर कोणता याचा वाद दोघांत अखेरपर्यंत मिटत नाही. नवे वादक पत्त्या जवळ आणतात, ते मला पटते. आमच्या शेजाऱ्यांना ते पटत नाही. असो.

गेल्या मार्चमध्ये मी धाडस केले. माळ्यावरची पेटी काढली, धूळ झटकली, यादीत नाव घातले आणि एका अभंगाची चाल वाजवली. इतक्या वर्षांनी बोटे जड झाली होती. अंतऱ्यात एक जागा सरळ निसटली. लोकांनी सभ्यपणे ऐकले. नंतर शेजारी पेटीभोवती फिरले, मागचा भाता उघडून-मिटून पाहिला आणि त्यांनी एकच विचारले, की हिचा श्वास कुठे पडतो?

मला उत्तर देता येईना. आपल्या पेटीत बाहेरचा भाता हवा भरतो आणि आतला, स्प्रिंगांवरचा भाता ती साठवून एकसारखी सोडतो. बाहेरचा हात कधी हलला ते स्वराला फारसे कळतच नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली ती तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत म्हणून. १९७१ साली ती सैल होईपर्यंत आणि नंतरही त्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. श्वासाबद्दल मी तरी कधी विचार केला नव्हता. घरी येऊन विचार केला तेव्हा सुचले की पेटीचा श्वास पेटीत नसतोच, गाणाऱ्यात असतो. गोविंदराव टेंब्यांपासून अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकरांपर्यंत संगतकार थोर ठरले ते यामुळे, की गायक जिथे दम घेतो तिथे त्यांची पेटी जागा देते. म्हणजे मी त्या रात्री गायकाशिवाय संगत करत होतो. अभंग पोकळ का वाटला ते कळले.

आणि त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट आठवली, जी मला इथे लिहायची नव्हती. आठ वर्षांपूर्वी मंडळाच्या कार्यकारिणीत गणेशोत्सवाच्या गाण्यांसाठी तबला-पेटी बंद करून तयार ट्रॅक लावायचा ठराव झाला. सराव नको, तबलजी शोधायला नको, सूर पक्का. ठराव मी मांडला होता. दुसऱ्याच वर्षी आपल्या एका ज्येष्ठ काकू गायला उभ्या राहिल्या. पहिल्या कडव्यानंतर त्यांनी नेहमीसारखा जरा लांब श्वास घेतला. ट्रॅक थांबला नाही, पुढे गेला. त्यांनी दोनदा त्याला गाठायचा प्रयत्न केला, मग हसून नमस्कार केला आणि खाली बसल्या. आपण सगळ्यांनी 'छान, छान' म्हणून टाळ्या वाजवल्या. बटण माझ्या हातात होते. त्यानंतर त्या आपल्याकडे गायल्या नाहीत.

त्या क्लबात साठीच्या खालची माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. दर हंगामाला दोन-तीन खुर्च्या कमी मांडाव्या लागतात. तिथे कोणी चुकला तर पियानोवाल्या बाई एक फेरी जास्त वाजवून त्याला परत आत घेतात. बहुतेकांना ते कळतही नाही. मला आता कळते, आणि त्या जागा ऐकायलाच मी अर्धाअधिक जातो. पाहुण्यांसाठी जात होतो ते दिवस गेले. सौ.चे विणकामही बंद झाले आहे. ती आता रील आणि जिग न चुकता ओळखते, स्ट्रॅथस्पेतला तो आखूड-लांब झटका तिला विशेष आवडतो, आणि लय वाढली की माझ्याआधी तिच्या कपाळाला आठी पडते.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी मला रॅफलमध्ये शॉर्टब्रेडचा डबा मिळाला. तो घेऊन परवा काकूंकडे गेलो आणि यंदाच्या गणपतीत माझ्या पेटीवर गाल का, असे विचारले. त्या हो म्हणाल्या नाहीत. चहा ठेवला, डबा उघडला, आणि बऱ्याच वेळाने विचारले की तुमची पेटी अजून काळी दोनमध्ये नीट बोलते का. मी म्हटले, बघून सांगतो.