षष्ठीची चतुर्थी : १५५३ चा वारसा-मसुदा आणि पर्यायी इतिहासाचे व्याकरण

इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड याने आपल्या पश्चात गादी कोणाकडे जावी याविषयी स्वहस्ते लिहिलेला मसुदा लंडनच्या इनर टेम्पल या वकिलांच्या संस्थेच्या ग्रंथालयात आजही जतन केलेला आहे. मसुदा जेमतेम एका पानाचा आहे. परंतु त्यातील एका दुरुस्तीकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधल्यावाचून राहत नाही. राजाने प्रथम लिहिले होते ते मराठीत सांगायचे तर ‘लेडी जेनच्या पुत्रसंततीस’ असे. पुढे त्याने जेनच्या नावाला जोडलेले षष्ठीचे अक्षर खोडले, ओळीच्या वर दोन लहानसे शब्द घातले, आणि वाक्य झाले : ‘लेडी जेनला व तिच्या पुत्रसंततीस’. या दोन शब्दांनी सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी सिंहासनावर नेली, आणि तेथून वधस्तंभापर्यंत पोहोचविली.

या दुरुस्तीचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. मूळ मसुद्यात एकाही हयात व्यक्तीस राज्य दिलेले नव्हते. लेडी फ्रान्सिस, तिच्या मुली जेन, कॅथरीन व मेरी, आणि भाची मार्गारेट यांची नावे त्यात येतात. परंतु ती केवळ अजन्मा पुत्रांच्या माता म्हणून. त्या वेळी यांपैकी एकीलाही मुलगा नव्हता. पाणिनीय परंपरेत षष्ठीला कारकात स्थान नाही; षष्ठीतील नाम क्रियेशी साक्षात् संबद्ध नसते, दुसऱ्या नामाशी असते. मूळ मसुद्यातील जेनची स्थिती नेमकी हीच होती. राजाचा आजार असाध्य आहे असे दिसू लागल्यावर पुत्रजन्माची वाट पाहण्यास अवधी उरला नाही, आणि षष्ठीची चतुर्थी झाली. जेन प्रथमच वाक्यातील कारक, म्हणजे संप्रदान, झाली. तथापि ती कर्ता झाली नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

गेल्या काही दशकांत ट्यूडर काळातील वारसाहक्कांवर ‘असे घडले असते तर’ या प्रकारचे लेखन बरेच झाले आहे. ई. एच. कार यांनी १९६१ साली अशा विचाराची संभावना दिवाणखान्यातील खेळ म्हणून केली होती. उलटपक्षी नियल फर्ग्युसन यांनी १९९७ मध्ये त्यास इतिहाससंशोधनाचे साधन म्हणून पुढे मांडले. या वादात इतिहासाची बाजू इतिहासकारांनी पाहावी. आमचे म्हणणे एवढेच की, पर्यायी इतिहास हे मुळात एक संकेतार्थी वाक्य आहे, आणि त्याचे परीक्षण त्या वाक्याच्या नियमांनी करता येते. मराठी व्याकरणकारांनी संकेतार्थ हा क्रियापदाचा स्वतंत्र अर्थ मानला आहे. ‘पाऊस पडला तर पीक येईल’ यात शक्यता खुली असते; ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ यात ती मिटलेली असते. दुसऱ्या प्रकारचे वाक्य बोलणारा दोन गोष्टी कबूल करतो : अट पुरी झाली नाही, आणि अटीतून फळ निघण्यास कारण होते. हे कारण जेथे तुटते तेथे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही निरर्थक होते.

या कसोटीवर तीन कृती पाहू. किंग्जली एमिस यांच्या ‘द ऑल्टरेशन’ (१९७६) या कादंबरीत आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर यास पुत्र झाला आहे. त्या पुतण्याची गादी बळकावण्याचा हेन्रीचा प्रयत्न फसतो आणि इंग्लंड रोमशी एकनिष्ठ राहते. वास्तवात आर्थर १५०२ साली निःसंतान वारला, तेव्हा पूर्वपद लहान व सुबोध आहे. परंतु याच कादंबरीत मार्टिन ल्यूथर पोप होतो. हेन्रीला गादी न मिळण्यातून ल्यूथर रोमला जाणे निष्पन्न होत नाही. एका फळासाठी येथे दोन स्वतंत्र अटी घातल्या आहेत, आणि फळाचा खरा भार दुसरीवर आहे. कथा म्हणून कृती समर्थ आहे; संकेतवाक्य म्हणून मात्र ती सैल आहे.

कीथ रॉबर्ट्स यांच्या ‘पवान’मध्ये (१९६८) अट एकच आहे : १५८८ च्या जुलैत एलिझाबेथ राणीचा खून होतो, आणि स्पेनच्या आरमाराचा विजय होतो. मग कथा विसाव्या शतकावर उडी घेते. तेथे रस्त्यांवर वाफेची वाहने चालतात, आणि निरोप मनोऱ्यांवरील खुणांनी एकमेकांकडे जातात. हे वातावरण अविस्मरणीय आहे. परंतु अट आणि फळ यांमध्ये जवळजवळ चार शतके मोकळी पडली आहेत. एवढ्या अंतरावर ‘तर’ हे अव्यय आपले काम करीत नाही.

तिसरी कृती ‘माय लेडी जेन’ ही तीन लेखिकांनी मिळून लिहिलेली २०१६ ची कादंबरी. तिच्यावर आधारलेली मालिका २०२४ मध्ये प्रदर्शित झाली. येथे काही माणसे पशुपक्ष्यांचे रूप घेऊ शकतात, जेनचा पती घोडा होतो, आणि जेन वाचते. आमच्या वर्गात या कृतीची थट्टा झाली, आणि प्रस्तुत लेखकही त्या थट्टेत सामील होता. फेरविचाराअंती ते योग्य वाटत नाही. अशक्य अट उघडपणे घालणारी कृती इतिहासाविषयी कोणतेही विधान करीत नाही. त्या दृष्टीने ती पहिल्या दोहोंपेक्षा प्रामाणिकच म्हटली पाहिजे. तिचा दोष निराळा आहे. जेनला वाचविण्यास जादू लागते असे मानल्याने, तिचा अंत अन्यथा अटळ होता असे ती नकळत सुचविते. तो खरोखर अटळ होता काय ?

येथे घटनाक्रम पाहणे अवश्य आहे. पार्लमेंटच्या १५४४ च्या कायद्याने एडवर्डनंतर मेरी व तिच्यानंतर एलिझाबेथ असा क्रम ठरला होता. एडवर्डचा मसुदा २१ जून १५५३ रोजी राजपत्राच्या रूपाने काढण्यात आला व त्यावर शंभरावर मान्यवरांच्या सह्या झाल्या. परंतु राजपत्राने कायदा रद्द होत नाही, ही न्यायाधीशांची शंका होती; सर जेम्स हेल्स यांनी सही करण्याचे नाकारले. म्हणून सप्टेंबरात पार्लमेंट बोलाविण्याचे ठरले. राजा ६ जुलै रोजी वारला. १० जुलैस जेनची द्वाही फिरली, आणि १९ जुलैस लंडनमध्येच मेरीची.

तेव्हा सर्वांत लहान अट ही : एडवर्ड आणखी तीन महिने जगला असता तर. मग जेनचा हक्क कायद्याने बांधला गेला असता आणि मेरीच्या हातातील सर्वांत बळकट शस्त्र नाहीसे झाले असते. यावर कोणी म्हणेल की मेरी कायद्याने नव्हे, सफोकमध्ये जमलेल्या सैन्याने जिंकली. आक्षेप वजनदार आहे. परंतु ते सैन्य जमले कोणत्या शब्दावर ? हेन्रीची कन्या आणि कायद्याने नेमलेली वारस, या दुहेरी हक्कावर. त्यातील एक दोरी तुटली असती. दुसरी टिकली असती. म्हणून येथे ‘जेन टिकली असती’ असे म्हणवत नाही, ‘टिकू शकली असती’ एवढेच म्हणता येते. त्यापुढील फळे या ‘शकली’वर उभी आहेत : १५५४ मधील स्पेनच्या फिलिपशी झालेला मेरीचा विवाह, १५५८ मधील कॅलेची हानी, आणि पाखंडाच्या आरोपाखाली जाळलेली सुमारे २८० माणसे, हे सारे त्या स्थितीत टळू शकले असते. एलिझाबेथला पुढे राज्य मिळाले असते की नाही, हे सांगण्याइतके बळ या वाक्यात उरत नाही. पायरीगणिक क्रियापद दुर्बल होत जाणे, हीच चांगल्या पर्यायी इतिहासाची खूण आहे.

एरिक आइव्ज यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात जेन हीच हक्काची राणी व मेरी ही बंडखोर, असा पक्ष मांडला. तो मान्य होवो वा न होवो, त्याने एक उपकार केला : जेनकडे केवळ बळी म्हणून पाहण्याची सवय मोडली. नऊ दिवसांच्या राणीने ‘राणी जेन’ अशी सही केली. पती गिल्डफर्ड यास राजा करण्यास तिने नकार दिला, असे तिच्या नावावरील कथनातून दिसते. मसुद्याने तिला संप्रदान केले होते. कर्ता ती त्या नकारात झाली. बहुतेक पर्यायी कथा तिचे आयुष्य लांबवितात, परंतु जे तिने खरोखर केले त्याला स्थान देत नाहीत.

मराठी वाचकास हा प्रकार अपरिचित नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून जाते, आणि त्या रेसभर अंतरातून निराळा इतिहास उलगडतो. त्या कथेची अट एडवर्डच्या दोन शब्दांइतकीच लहान आहे. विद्यार्थ्यांनी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात, आणि प्रत्येक ‘तर’पाशी थांबून कारण विचारावे. १२ फेब्रुवारी १५५४ रोजी जेनचा शिरच्छेद झाला. हे वाक्य स्वार्थातील आहे. संकेतार्थातील प्रत्येक वाक्याला त्याचे भान राखावेच लागते.