नवाबांची शराफत, बेगमजानची बदनामी

इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’ कथेचं नाव निघालं की आजही आपल्याकडे आवाज खाली येतो. १९४२ साली लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’मध्ये ती छापून आली आणि पुढे तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. इस्मतआपांनी आठवणींत लिहिलं आहे की, साक्षीदाराला कोर्टात धड एक अश्लील शब्द दाखवता आला नाही. त्या सुटल्या. समाजाच्या दरबारातला खटला मात्र अजून चालूच आहे आणि त्यात आरोपी एकटी बेगमजान आहे.

कथेतले नवाबसाहेब आठवून पाहा. स्वतः हज करून आलेले, गोरगरिबांना हज घडवणारे. बाजारातल्या बाईने त्यांच्या घरची पायरी कधी चढलेली नाही. एवढ्यावर त्यांच्या शराफतीचा दाखला मिळतो आणि त्याच भरवशावर गरीब घरची पोर या पोक्त वयाच्या माणसाला दिली जाते. हवेलीत कोवळ्या मुलांचा राबता. तो त्यांचा ‘शौक’. बेगम घरातल्या सामानासारखी पडून. ना तलाक, ना सवत. हिशेबाने पाहिलं तर हा एकपत्नी संसारच! एकनिष्ठा मोजण्याचं आपलं माप किती तोकडं आहे, हे इस्मतआपा हसत हसत दाखवतात.

सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी मोमिन पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. आपण मात्र दुसरीच आयत जास्त ऐकवतो. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतही नवऱ्याची संमती असली की व्यभिचाराचा गुन्हा होत नसे. ते कलम ४९७ सुप्रीम कोर्टाने २०१८ साली रद्द केलं. बाईची इच्छा दोन्हीकडे बेदखलच राहिली होती.

तरीही बेगमजानला निव्वळ पीडित म्हणून सोडून देता येत नाही. रब्बू आपल्या मुलाला भेटायला जाते, तेव्हा बेगमचा हात कथा सांगणाऱ्या लहान मुलीकडे वळतो. पोर घाबरते, पण कुणाला सांगू शकत नाही. कथेची स्तुती करणारे इथून घाईने पुढे जातात. निषेध करणारे रजईतच अडकतात. माझ्या मते कथेचा काटा इथेच आहे. मोठी माणसं ज्यावर तोंड उघडत नाहीत, ते शेवटी लेकरांच्या वाट्याला येतं.

त्या मुलीला तिच्या आईनेच, भरवशाचं घर म्हणून, तिथे ठेवलं होतं. आपण भरवसा कशावरून ठरवतो, हे तपासण्यासाठी तरी ‘लिहाफ’ आपल्या घरांत वाचली जावी.