उशाशीं बसलेलें माणूस

वृद्धांच्या दुःखावर अश्रु ढाळण्यांत मराठी रंगभूमीनें कधीं कुचराई केलेली नाहीं. वि. वा. शिरवाडकर यांचें ‘नटसम्राट’ हें नाटक १९७० सालीं रंगभूमीवर आलें, आणि गणपतराव बेलवलकरांची व्यथा ही घरोघरच्या आईबापांची व्यथा होऊन बसली. आपली मालमत्ता मुलांना वांटून देणारा हा वृद्ध नट शेवटीं निराधार होतो. प्रेक्षक हळहळतो, कृतघ्न मुलांना मनांतल्या मनांत शिक्षा ठोठावतो आणि हलक्या मनानें घरीं परततो.

हा हलकेपणाच आम्हांस खटकतो. मुलें वाईट ठरलीं कीं प्रश्न सुटला! परंतु जेथें मुलें वाईट नाहींत, आईबाप मायाळू आहेत, आणि तरीहि रोजचा दिवस जड जातो, अशा घरांचें काय? खुद्द ‘नटसम्राटां’तच पाहा. पतीचा मान-अपमान, रुसवे-फुगवे आणि खाणेंपिणें सांभाळणारी कावेरी त्याच्या आधीं मरण पावते. तिच्या मरणाची तीव्रता आपणांस जाणवते ती बेलवलकरांच्या शोकांतून. तिच्या स्वतःच्या थकव्याची चौकशी नाटक फारशी करीत नाहीं. नाटक नटसम्राटाचें आहे, म्हणून हा दोष नव्हे. पण ती दृष्टीची मर्यादा खासच आहे.

कायद्याची दृष्टीहि अशीच आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीं २००७ सालीं जो अधिनियम झाला, त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणें सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेचें हस्तांतरण, ती अट मोडल्यास, रद्द ठरवितां येतें. बेलवलकरांनीं अशी कांहीं अट घातली नव्हती. त्यांची कथा वाचूनच हें कलम लिहिलें असावें, असें वाटतें. परंतु कायदा पोटगी देववूं शकतो. रात्रीं तीन वेळां उठून बिछाना बदलणाऱ्या हातांना तो विसांवा देववूं शकत नाहीं.

या पार्श्वभूमीवर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा ‘अस्तु’ हा चित्रपट निराळा वाटतो. डॉ. मोहन आगाशे यांनीं उभे केलेले चक्रपाणि शास्त्री हे संस्कृतचे पंडित. अल्झायमरच्या विकारानें त्यांची स्मृति ओसरत चालली आहे. मुलगी इरा त्यांना थोडा वेळ गाडींत बसवून जाते, तेवढ्यांत ते रस्त्यानें जाणाऱ्या हत्तीमागें निघून जातात. इरावती हर्षे यांची इरा कृतघ्न नाहीं आणि देवताहि नाहीं. ती वडिलांवर माया करते, चिडते, आणि चिडल्याबद्दल स्वतःलाच दोष देते. या विकारांत तोच प्रश्न दहादां येतो, झोंपेची घडी बिघडते, रोगी वाट चुकतो. आणि सांभाळणाऱ्याची झोंप, प्रकृति व मनःस्वास्थ्य हींहि त्याबरोबरच ढासळूं लागतात. ही गोष्ट वैद्यांना ठाऊक आहे. आमच्या कलाकृतींत ती क्वचितच उमटते.

तथापि एक आक्षेप नोंदविला पाहिजे. वाट चुकलेल्या शास्त्रीबुवांना माहुताची बायको चन्नम्मा आईच्या मायेनें जवळ करते. अमृता सुभाष यांचा हा अभिनय इतका सच्चा आहे कीं, त्यांना मिळालेलें राष्ट्रीय पारितोषिक शोभूनच दिसतें. पण चन्नम्मेच्या वाट्याला आलेली सेवा घटकाभराची, इरेची वर्षानुवर्षांची. हें निर्मळ वात्सल्य पाहून इरेसारख्या कित्येक मुली-सुना अधिकच शरमतील, ही भीति आम्हांस वाटते. शास्त्रीबुवा चन्नम्मेकडे पांच वर्षें राहिले असते, तर तीहि कधींतरी करवादली असती. आणि म्हणून तिची माया खोटी ठरली नसती.

सुशिक्षित कुटुंबांनीं या दोन कृति शेजारीं ठेवून पाहाव्या. समाचाराला आपण जातों तेव्हां, "आतां बाबांचें कसें आहे?" असें विचारतों, आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवणाऱ्या सुनेकडे पाहतहि नाहीं. भावंडांनीं आठवड्यांतील रात्री वांटून घेतल्या, दूरच्या मुलानें पैशांबरोबर आपली रजाहि देऊं केली, तर वृद्धाची शुश्रूषाहि अधिक प्रसन्न होईल. अर्धवट झोंपेंतल्या, चिडलेल्या हातांनीं भरविलेला घास त्यालाहि गोड लागत नाहीं. लेखकांना आमची विनंती एवढीच कीं, बेलवलकरांचा टाहो आम्हीं पुष्कळ ऐकला. आतां उशाशीं बसलेल्या माणसाचें बोलणेंहि त्यांनीं ऐकवावें.