बहात्तर वेळा चावून

विनोदी चित्रपट काढायला पैसे किती लागतात? मी कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. त्यामुळे चांगली कलाकृती पाहिली, की रसिकाला पडणारे प्रश्न मला उशिरा पडतात. खर्चाचा प्रश्न आधी पडतो. ‘नट्स इन मे’ पाहतानाही मी मनातल्या मनात यादी केली: तंबू तीन, जुनी मॉरिस मायनर गाडी एक, मोटारसायकल एक, गिटार एक, पोलीस एक. डुकरं मोजली नाहीत. ती शेताबरोबर फुकट मिळाली असावीत. एवढ्या ऐवजात आपल्याकडे पडद्यावरच्या लग्नाचा मांडवसुद्धा उभा राहणार नाही!

नावातले ‘नट्स’ म्हणजे आपले नट नव्हेत. इंग्रजीत नट म्हणजे सुकामेवा आणि नट म्हणजे चक्रमही. इथे सुकामेव्याच्या पंथातले दोन चक्रम आहेत, म्हणजे नाव दोन्ही अर्थांनी वसूल. बीबीसीने ‘प्ले फॉर टुडे’ या मालिकेत 13 जानेवारी 1976 रोजी हा चित्रपट घरोघरच्या टीव्हीवर दाखवला. दिग्दर्शक माइक ली. याच गृहस्थांना पुढे 1996 साली ‘सीक्रेट्स अँड लाइज’बद्दल कानच्या महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यांची रीत अशी, की आधी संहिता लिहायचीच नाही. नटांना घेऊन तालमी करायच्या, तालमीतून माणसं घडवायची आणि त्या माणसांना बोलू द्यायचं.

गोष्ट म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल. कीथ आणि त्याची बायको कँडिस-मरी हे क्रॉयडनचं जोडपं डॉर्सेट परगण्यात तंबू ठोकून सुट्टी घालवायला येतं. दोघंही शाकाहारी. कीथचा सगळा कार्यक्रम आखलेला: अमुक वाजता किल्ला, तमुक वाजता समुद्र. कॉर्फचा पडका किल्ला समोर उभा असतो आणि हा बायकोला पुस्तकातून त्याची माहिती वाचून दाखवतो. घास बहात्तर वेळा चावायचा, हा त्याचा दंडक. लहानपणी आपल्याला बत्तीस वेळा सांगितलेलं असतं. दाताला एक, हिशेब सरळ. बहात्तर हा आकडा मला चक्रवाढ व्याजाचा वाटतो.

शेजारी रे नावाचा, शिक्षक होऊ घातलेला एक मुलगा तंबू ठोकतो आणि रेडिओ लावतो. कीथ समजावायला जातो. नंतर फिंगर आणि हाँकी हे मोटारसायकलवाले जोडपं येतं, रात्री धांगडधिंगा घालतं आणि सकाळी शेकोटी पेटवायला निघतं. तिथे शेकोटीला बंदी! झालं, कीथ नियम घेऊन उभा राहतो.

आता खरी गंमत इथे आहे, वाचकहो. कीथचं चुकतंय कुठे? निसर्गात रेडिओ कशाला, हे त्याचं म्हणणं बरोबर. मनाई असताना जाळ करू नये, हेही बरोबर. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून माझी निम्मी नोकरी झाली. ‘फॉर्म पूर्ण भरा’ आणि ‘रांगेत या’ ही दोन वाक्यं मी झोपेतसुद्धा म्हणतो असं घरचे सांगतात. म्हणजे मी जन्माने कीथच्या पक्षातला. तरी त्याने तोंड उघडलं, की मला त्या रेडिओवाल्याची दया येते आणि हसूही येतं. हलक्या दर्जाच्या विनोदाने कीथला मूर्ख करून टाकलं असतं. ली यांनी त्याला बरोबर ठेवलाय आणि तरीही असह्य केलाय. नियम चांगला, पण समोरच्याला धडा शिकवण्यातलं समाधान त्याच्या चेहऱ्यावर मावत नाही. रॉजर स्लोमनचा तो समजूतदार सूर ऐकला, की आपल्यालाच मुद्दाम मोठ्याने रेडिओ लावावासा वाटतो.

मग भांडण हातघाईवर येतं. कीथ नागरिक या नात्याने आपणच त्यांना अटक करू म्हणतो. कोणी जुमानत नाही. शेवटी तो झाडाची फांदी उचलून अंगावर धावतो. अहिंसक, शाकाहारी, बहात्तर वेळा चावणारा माणूस! आपण खो खो हसत असतो आणि तेवढ्यात तो झाडीत जाऊन रडायला लागतो. हसू घशात अडकतं ते तिथे. ज्याच्याजवळ नियमाखेरीज दुसरं काही नाही, त्याचा नियम कोणी मानला नाही तर त्याने करायचं काय? हा प्रश्न मला खर्चाच्या प्रश्नापेक्षा जड गेला.

इथे स्वस्ताईच चित्रपटाच्या कामी आली, असं माझं मत. पैसा असता तर त्या रडण्यामागे व्हायोलिनं लागली असती आणि आपली सुटका झाली असती. मनाला कळलं असतं, की आता दुःखी व्हायचं. इथे ती सोय नाही. एक माणूस, एक फांदी आणि थोडी झाडी. हसायचं की गप्प बसायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

कँडिस-मरीबद्दल लिहिलं नाही तर ॲलिसन स्टेडमनवर अन्याय होईल. ती भोळी दिसते, पोरकट सुरात गाणी गाते, ‘हो कीथ’ म्हणते. पण त्या ‘हो’मध्ये अनेकदा बारीक ‘नाही’ असतं. नवऱ्याचं वेळापत्रक न मोडता त्याच्यातून निसटायचं कसब तिला साधलंय. आपल्याकडच्या कित्येक काकूंना ती लगेच ओळखीची वाटेल.

शेवटही फुकटातला. तंबूची जागा सोडून निघालेल्या त्यांना पोलीस अडवतो आणि गाडीचं जादा चाक कायद्यात बसत नाही म्हणतो. कायद्याच्या माणसाला कायद्यानेच गाठलं! अखेर एका शेतात तंबू पडतो. बायको गिटार घेऊन गात बसते आणि कीथ हातात फावडं न् कागदाची गुंडाळी घेऊन काटेरी तारेतून वाट काढत निघतो, शेजारी डुकरं. इतका वेळ निसर्गावर व्याख्यानं देणाऱ्याला निसर्गाने हाक मारलेली असते, आणि तिथे मात्र वेळापत्रक चालत नाही.

जमल्यास जरूर पहा. फक्त घाईने गिळू नका.